वक्तृत्व क्लब नव्या माणसाला आपला वाटावा म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयात, कंपनीत, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा ज्येष्ठ नागरिक संघात भाषणाच्या सरावाचा गट सुरू करायचा आहे, किंवा सुरू केलेला गट हळूहळू ओस पडतो आहे, अशा मंडळींना पडणारे हे प्रश्न. पद्धत मुख्यतः टोस्टमास्टर्स या भाषणाच्या सरावाचे क्लब चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची धरली आहे, कारण ती शंभर वर्षं वापरून घासूनपुसून तयार झालेली आहे. त्यांचं सभासदत्व घेतलंच पाहिजे असं मात्र नाही. स्वतंत्र गटालाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

भाषणाचा क्लब म्हणजे क्लासच ना?

नाही. क्लासला सर असतात, अभ्यासक्रम असतो आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. क्लबात शिकवणारा कोणी नसतो. आज भाषण करणारा पुढच्या सभेत दुसऱ्याच्या भाषणावर अभिप्राय देतो, त्यापुढच्या सभेत घड्याळ सांभाळतो. टोस्टमास्टर्सचे संस्थापक राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ ला कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे वायएमसीएच्या इमारतीत ज्या क्लबची सभा घेतली, त्याची मूळ कल्पना हीच होती: बोलायची, सभा चालवायची आणि एकमेकांना सुधारायची कामं आळीपाळीने सगळ्यांनी करायची.

व्याख्यानमालेशीही गल्लत नको. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालत आलेली आहे आणि तिचं मोल मोठं आहे. पण तिथे एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. क्लबात सभा संपेपर्यंत खोलीतल्या निम्म्याहून जास्त माणसांनी एकदा तरी उभं राहून तोंड उघडलेलं असायला हवं.

दोन तासांत नेमकं काय काय होतं?

सात ते नऊ अशी सभा धरा. अध्यक्ष पाच मिनिटांत स्वागत करून सूत्रसंचालकाकडे सभा सोपवतात. टायमर, भाषेकडे लक्ष देणारा आणि 'अं'-'म्हणजे' मोजणारा असे तिघं आपापलं काम प्रत्येकी एका मिनिटात समजावून सांगतात. मग तयारीची तीन भाषणं, प्रत्येकी पाच ते सात मिनिटांची. प्रत्येक भाषणानंतर एक मिनिट पूर्ण शांतता, श्रोत्यांना चिठ्ठीवर चार शब्द लिहायला. दहा मिनिटं चहा. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं उत्स्फूर्त भाषणं, ज्याला सगळे टेबल टॉपिक्सच म्हणतात. मग तिन्ही भाषणांचे अभिप्राय, प्रत्येकी दोन ते तीन मिनिटांचे. शेवटी टायमर आणि इतरांचे अहवाल, संपूर्ण सभेवर एकाचं बोलणं, पाहुण्यांचे दोन शब्द, आणि नऊला दिवे बंद.

हिशोब केला तर तीन वक्ते, तीन अभिप्राय देणारे, सूत्रसंचालक, टेबल टॉपिक्सवाला, टायमर, भाषानिरीक्षक, 'अं' मोजणारा आणि सभेचा मूल्यमापक अशी बारा माणसं लागतात. आठच जण जमत असतील तर भाषणं दोनच ठेवा आणि मोजणं व भाषा ही कामं एकाकडे द्या. माणसं कमी म्हणून एकच जण सूत्रसंचालन, टेबल टॉपिक्स आणि अभिप्राय असं सगळं ओढायला लागला की सभा त्याची होते आणि बाकीचे पाहुणे होतात.

नवा माणूस दारात आला की काय करायचं?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आमचे सभासद मनमोकळे आहेत, कोणीतरी बोलेलच, असं प्रत्येक क्लबला वाटतं. होतं असं की मनमोकळे सभासद एकमेकांशी मनमोकळेपणाने बोलत उभे राहतात आणि नवा माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून शेवटच्या रांगेत बसतो. म्हणून स्वागत हे स्वभावावर सोडायचं नाही. ते नाव लावून वाटून द्यायचं काम आहे.

सभेच्या वीस मिनिटं आधीपासून एक माणूस दाराशी असावा. त्या दिवशी त्याच्याकडे भाषण नसावं, नाहीतर तो मनातल्या मनात स्वतःचं भाषण घोकत असतो. खालच्या वॉचमनला सभेचं नाव, मजला आणि वेळ आधी सांगून ठेवावी. 'इथे असलं काही नसतं' म्हणून गेटवरूनच परत गेलेल्या माणसाचा पत्ता कोणालाच लागत नाही.

आलेल्याला नाव विचारायचं, आणि 'काय नावाने हाक मारू?' हेही. कोणाला पहिलं नाव चालतं, साठीच्या बाईंना कदाचित 'ताई' किंवा 'काकू' जोडलेलं बरं वाटतं. नाव जाड मार्करने पुठ्ठ्याच्या घडीवर दोन्ही बाजूंना लिहायचं, म्हणजे मागे बसलेल्यालाही वाचता येतं. त्याला ज्याच्याकडे त्या दिवशी काहीच काम नाही अशा सभासदाशेजारी बसवायचं. हा शेजारी सभाभर कुजबुजत्या आवाजात 'आता हे काय चाललंय' ते सांगतो. हातात छापील कार्यक्रमपत्रिका द्यायची.

बसण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: तुम्हाला कोणी जबरदस्तीने बोलायला लावणार नाही, आणि मध्येच निघायचं असेल तर निघा, कोणी काही मनात आणणार नाही. एवढं ऐकलं की माणूस खुर्चीत मागे टेकून बसतो.

चहाच्या वेळी जुन्या सभासदांचं कोंडाळं हमखास होतं. दाराशी असलेल्या माणसाने पाहुण्याला घेऊन त्या कोंडाळ्यात घुसायचं. दुसऱ्या दिवशी एकच मेसेज, एकाच माणसाकडून. सहा पदाधिकाऱ्यांचे सहा मेसेज आले की विमा एजंटाच्या तावडीत सापडल्यासारखं वाटतं. न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकणं तर नकोच.

पाहुण्याला टेबल टॉपिक्समध्ये बोलवावं का?

विचारावं, ओढू नये. आधी सभासद बोलू द्या, दोन-तीन झाले की 'पाहुण्यांपैकी कोणाला आवडेल?' असं सगळ्यांना मिळून विचारा आणि पाच सेकंद थांबा. हात वर आला तर उत्तम. नाव घेऊन बोट दाखवलं तर तो माणूस उठेल, दोन वाक्यं बोलेल आणि पुन्हा येणार नाही.

टेबल टॉपिक्सला प्रश्न कसे काढायचे?

माहिती असल्याशिवाय उत्तर देताच येणार नाही असा प्रश्न काढायचा नाही. 'शेतमालाच्या हमीभावाबद्दल तुमचं मत?' हा प्रश्न ज्याला माहीत आहे त्यालाच बोलू देतो. 'तुमच्या घरातली अशी कोणती वस्तू आहे जी कोणी वापरत नाही आणि टाकूही देत नाही?' याला प्रत्येकाकडे उत्तर असतं. 'एसटीच्या प्रवासात खिडकीची जागा कोणाला द्यावी?', 'पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत, काय कराल?' असे प्रश्न चालतात. प्रश्न एका वाक्यात असावा. प्रश्न विचारणाऱ्यालाच बोलायची हौस असेल तर प्रश्न दीड मिनिटाचा आणि उत्तर चाळीस सेकंदांचं होतं.

उत्तराला एक ते दोन मिनिटं. राजकारण आणि धर्म यांवर बंदी घालायची गरज नाही, पण ज्या प्रश्नाला उत्तर देताना माणसाला आपली बाजू उघड करावी लागते तो उत्स्फूर्त सत्रात नको. तयारीच्या भाषणात तो विषय त्याने स्वतः निवडला असेल तर गोष्ट वेगळी.

हिरवा, पिवळा, लाल दिवा हा पोरखेळ नाही का?

वक्त्याला वेळ कळावी म्हणून टायमर हे दिवे दाखवतो: पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाचला हिरवा, सहाला पिवळा, सातला लाल. टेबल टॉपिक्सला एक मिनिट, दीड मिनिट, दोन मिनिटं. अभिप्रायाला दोन, अडीच, तीन. दिवे नसतील तर रंगीत कागदाची तीन कार्डं पुरतात. मात्र टायमर वक्त्याच्या समोर, मधोमध बसला पाहिजे. कडेला बसून कार्ड हलवत राहिला की वक्त्याचं लक्ष उडतं आणि श्रोत्यांचंही.

दिव्यांमुळे नियम सगळ्यांना सारखा होतो. आपल्याकडे 'दोनच शब्द बोलतो' म्हणणारा माणूस वीस मिनिटं बोलतो आणि त्याचं वय किंवा पद बघून कोणी थांबवत नाही. दिवा वय बघत नाही. लाल दिव्यानंतर तीस सेकंदांची सवलत, मग टाळ्या वाजवून थांबवायचं. अध्यक्षांनाही.

'अं' आणि 'म्हणजे' मोजणं अपमानकारक वाटतं. गरज आहे का?

मोजणं उपयोगाचं आहे, घंटी वाजवणं नाही. भाषण चालू असताना प्रत्येक 'अं'ला टण् करणारे क्लब आहेत. नव्या माणसाची त्यात दाणादाण उडते. शेवटच्या अहवालात आकडा सांगावा आणि तोही कारणासकट: 'बारा वेळा "म्हणजे", त्यातले नऊ वाक्याच्या सुरुवातीला.' मग वक्त्याला कळतं की वाक्य सुरू करण्याआधी तोंड मिटून एक श्वास घ्यायचा आहे. मराठीत मोजण्यासारखे नेहमीचे उमेदवार: 'म्हणजे', 'तर', 'असं', 'काय म्हणतात त्याला', 'ना', 'ॲक्च्युअली', 'बेसिकली'. पाहुण्यांचे आणि पहिलं भाषण करणाऱ्यांचे आकडे जाहीर सांगू नयेत. चिठ्ठीवर लिहून द्यावेत.

पहिलं भाषण कशावर करायचं?

स्वतःवर, चार ते सहा मिनिटं. टोस्टमास्टर्समध्ये याला आइसब्रेकर म्हणतात. जन्मगावापासून नोकरीपर्यंतचा बायोडाटा वाचून दाखवला की सहा मिनिटं सहा तासांसारखी होतात. आयुष्यातली एकच गोष्ट घ्या: वडिलांची पहिली बजाज, हॉस्टेलमधली पहिली रात्र, मोडलेला व्यवसाय. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करा, मधलं नको. मधलं पाठ केलं आणि एक शब्द निसटला की पुढची गाडी अडते.

अभिप्राय कसा द्यायचा? लोक दुखावतात.

क्लबाचा जीव यात असतो, म्हणून जरा सविस्तर.

दुखावणारा अभिप्राय वाईटच, पण 'छान होतं, आत्मविश्वास वाढवा, नजर भिडवा' हा त्याहून वाईट. तो कुठल्याही भाषणाला लागू पडतो, म्हणजे देणाऱ्याने ऐकलेलंच नसतं. सहा महिने असे अभिप्राय मिळालेला सभासद एक दिवस यायचा थांबतो आणि कारणही सांगत नाही.

भाषणाआधी अभिप्राय देणाऱ्याने वक्त्याला दोन मिनिटं भेटायचं आणि विचारायचं: आज कशाकडे लक्ष देऊ? वक्ता म्हणतो, हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. मग हातांकडे बघा. ऐकताना कागदाचे दोन भाग करा; डावीकडे जे लक्षात राहिलं ते, वक्त्याच्याच शब्दांत. उजवीकडे जिथे लक्ष उडालं ती जागा.

समजा, कोणी आजोबांच्या पिठाच्या गिरणीवर बोललं. त्यावरचा चांगला अभिप्राय साधारण असा: 'पट्टा सुटला की गिरणीचा आवाजच बदलायचा, असं तुम्ही पहिल्याच वाक्यात म्हणालात आणि समोरच्या दोघांनी खाली ठेवलेली मान वर केली. त्यानंतर दीड मिनिट चुलते-मालते आणि त्यांची गावं आली, तिथे आम्ही हरवलो. पुढच्या वेळी नातीगोती एका वाक्यात आटपा आणि तो पट्टा आजोबा कसा चढवायचे ते हातांनी करून दाखवा. हात कुठे ठेवायचे हा तुमचा प्रश्न तिथेच सुटेल.' एवढंच. एक जमलेली जागा, एक निसटलेली जागा, आणि पुढच्या वेळी करून बघता येईल अशी एकच गोष्ट.

बिघडतं ते असं. अभिप्राय देणारा भाषणाचा सारांशच पुन्हा सांगत बसतो. किंवा सात चुका मोजतो, ज्यातली एकही आठवत नाही. किंवा विषयावर स्वतःचं मत देतो: 'गिरण्या बंद पडल्या त्याला खरं कारण वेगळंच आहे.' ते ऐकायला कोणी आलेलं नसतं. आणि उच्चारावर, कपड्यांवर, शरीरावर शेरा अजिबात नको.

प्रमाण मराठी येत नसेल तर?

यावं, आणि आपल्या बोलीत बोलावं. 'आनि', 'पानी', 'मपलं', 'मले' यांवर हसू आलं तर सूत्रसंचालकाने तिथल्या तिथे थांबवायला हवं. नंतर समजूत काढून उपयोग नसतो. भाषानिरीक्षकाला सुरुवातीलाच सांगून ठेवायचं की बोली ही चूक धरायची नाही. त्याने टिपायचं ते वेगळं: चपखल वापरलेला शब्द, अर्धवट सुटलेलं वाक्य, कर्ता एक आणि क्रियापद भलतंच झालेलं वाक्य. दर सभेला एक शब्द द्यायचा, जो प्रत्येकाने बोलताना वापरून बघायचा. 'हातोटी', 'मोघम', 'सबब', 'चिकाटी' असे रोजच्या बोलण्यात बसणारे शब्द घ्यावेत. 'किंकर्तव्यमूढ' दिला की तो फक्त विनोदासाठी वापरला जातो.

शाळेत वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्यांना क्लबात जड का जातं?

'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या...' ही चाल अंगात मुरलेली असते. आवाज पहिल्या शब्दापासून वरच्या पट्टीत, ठरलेल्या जागी ठरलेला हातवारा, शेवटी चार ओळींची कविता. दोनशे मुलांच्या मैदानात ते शोभतं. वीस माणसांच्या खोलीत समोरचा दचकतो. उपाय सोपा: या मंडळींना दोन सभा खुर्चीत बसून बोलायला सांगा. बसल्यावर आवाज आपोआप खाली येतो. त्यांची पाठांतराची आणि मंचाची सवय मात्र वाया जात नाही, पुढे ती कामी येते.

क्लबाला स्वतःची वेगळी ओळख कशी येते?

एकच गोष्ट निवडून ती दर सभेला करून. कोणी पूर्ण सभा मराठीत घेतं. टोस्टमास्टर्सच्या सभा इंग्रजीतच व्हायला हव्यात असा नियम नाही. कोणी दर महिन्याला एक सभा फक्त गोष्टी सांगण्याची ठेवतं, कोणी अभिप्रायावरच भर देतं आणि प्रत्येक भाषणाला दोन अभिप्राय देतं. वकिलांचा, डॉक्टरांचा, निवृत्त शिक्षकांचा क्लब असेल तर ओळख आपोआप येते, पण बाहेरच्याला दार बंद वाटण्याचा धोकाही येतो.

सगळं थोडं थोडं केलं की मात्र हळूहळू आपल्या नेहमीच्या कार्यक्रमाचं रूप येतं: दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत, आणि शेवटी ज्याला आभारप्रदर्शन द्यायचं राहिलं होतं त्याचं दहा मिनिटांचं आभारप्रदर्शन. यात पाऊण तास जातो आणि सरावाचं एक भाषण कापावं लागतं. सत्कार करायचाच असेल तर टाळ्या आणि एक कागदी प्रमाणपत्र, दोन मिनिटांत.

कंपनीतल्या क्लबात साहेबही असतात. मग मोकळं कसं बोलणार?

साहेबांना पहिल्या महिन्यातच टायमरचं काम द्या आणि एक भाषण करायला लावा. त्यांचा अभिप्राय त्यांच्या विभागातल्या माणसाकडे देऊ नका, आणि विभागातल्याच्या भाषणाचा अभिप्राय त्यांच्याकडे नको. सभेतलं बोलणं वार्षिक मूल्यमापनात येणार नाही हे त्यांनी स्वतः, सगळ्यांसमोर सांगावं.

जागा कशी असावी?

वीस-पंचवीस माणसांना माइक लागत नाही. आवाज करणारा पंखा मात्र बंद करता आला पाहिजे. खुर्च्या इंग्रजी यू आकारात, येतील असं वाटतं त्यापेक्षा चार-पाच कमी मांडा आणि बाकीच्या कोपऱ्यात रचून ठेवा. रिकाम्या खुर्च्या दिसल्या की खोली पडेल वाटते, आणि खुर्ची आणून दिली की येणाऱ्यालाही बरं वाटतं. वक्त्याच्या पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळा दिसतो. दार वक्त्याच्या बाजूला असेल तर उशिरा येणारा प्रत्येक जण भाषणाच्या मधून जातो, म्हणून मांडणी उलटी करा. लिफ्ट नसलेला तिसरा मजला ज्येष्ठांना वगळतो.

फी किती ठेवावी?

टोस्टमास्टर्सची आंतरराष्ट्रीय वर्गणी सहा-सहा महिन्यांची असते, एप्रिल आणि ऑक्टोबरपासून. नवा क्लब नोंदवायला २० सभासद लागतात, वय किमान १८. स्वतंत्र गटाचं गणित साधं आहे: समजा हॉलचं भाडं सभेला ५०० रुपये, चहा ३०० आणि छपाई १००, तर महिन्याच्या दोन सभांचे १,८०० होतात. १८ सभासद असतील तर प्रत्येकी १००. पाहुण्याकडून चहाचेही पैसे घेऊ नयेत.

ऑनलाइन सभा चालते का?

चालते. टायमर आपल्या व्हिडिओची पार्श्वभूमी हिरवी, पिवळी, लाल करतो. निम्मे हॉलमध्ये आणि निम्मे लॅपटॉपवर हा प्रकार सगळ्यात अवघड, कारण हॉलमधला आवाज घरी बसलेल्यांना ऐकू येत नाही आणि ते अर्ध्या तासात गप्प गळतात. वेगळा माइक आणि फक्त ऑनलाइन लोकांकडे बघणारा एक माणूस नसेल तर अशी सभा घेऊ नका.

सभासद तिसऱ्या-चौथ्या भाषणानंतर का गळतात?

पहिल्या भाषणाचं कौतुक होतं, दुसऱ्याला उत्साह असतो, तिसऱ्यापर्यंत नवलाई संपते. त्यातच भाषणासाठी दोन-दोन महिने नंबर लागत नसेल तर माणूस सुटतो. शिक्षण उपाध्यक्षांकडे, म्हणजे भाषणांचे नंबर लावणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे, पुढच्या सहा सभांचा तक्ता असावा आणि प्रत्येकाला आपली पुढची तारीख माहीत असावी. सलग दोन सभा न आलेल्याला फोन करावा, मेसेज नाही, आणि 'का आला नाहीत?' असं न विचारता 'पुढच्या सभेत टायमर व्हाल का?' असं विचारावं. काम दिलं की यायला निमित्त मिळतं.

भीती जाते का?

पूर्ण नाही. हात थरथरायचे ते थांबतात, छातीत धडधड पहिलं अर्धं मिनिट राहते. त्या अर्ध्या मिनिटासाठी पहिलं वाक्य पाठ हवं.

क्लब निवडताना एका भेटीत काय बघावं?

सभा वेळेवर सुरू झाली का. शेवटचा अभिप्राय ऐकून तुम्हालाही काही कळलं का. सूत्रसंचालन आणि टेबल टॉपिक्स नेहमीची तीच माणसं करतात का, हे शेजारच्याला विचारा. सभा संपल्यावर फॉर्म पुढे आला तर घरी न्या. चांगला क्लब 'अजून एकदा येऊन बघा' म्हणतो. शक्य असेल तर त्याच आठवड्यात दुसऱ्या क्लबलाही जाऊन या.